मोरदऱ्याच्या बैलांना आवतण

पुण्याला परत आल्यापासून मला भेटायला येणाऱ्या बायका दोनच गोष्टी विचारतात: मोगलाईत दरोडेखोर भेटले का, आणि तिकडं खायला काय मिळतं. दरोडेखोर भेटले नाहीत, त्याला मी काय करू? खायला मात्र इतकं मिळालं की आल्यावर चोळ्या उसवाव्या लागल्या. आमच्या पेठेत निजामाच्या राज्याबद्दल असं बोलतात, जसं काही ते समुद्रापलीकडं आहे. अहो, नगर सोडलं की बैलगाडीनं रमतगमत गेलं तरी माणूस तिथं पोचतो. तिथं मराठीच बोलतात आणि भाकरीच खातात. प्रत्येकीला वेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

आम्ही दोघंच गेलो होतो. आमचे हे वैद्य आहेत. बालाघाटाच्या डोंगरात श्रावणामध्ये औषधी झाडपाला फार चांगला मिळतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि जायचं ठरवलं. मीही येणार, असं मी ठरवलं. "तुला झेपायचं नाही," असं म्हणाले. माझं माहेर साताऱ्याकडचं, लहानपण डोंगर चढण्यात गेलेलं. आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर तीन वेळा बसणारा हा माणूस मला झेपण्याच्या गोष्टी सांगतो! मी सरळ ट्रंक भरायला घेतली.

नाका आणि बाजार

नगरहून गाडी केली ती चांदभाईंची. ते मूळचे आष्टीचे. मेंदीनं रंगवलेली दाढी, डोक्याला रुमाल आणि तोंडाची टकळी अखंड चालू. बैलांशी दखनीत बोलायचे, माझ्याशी मराठीत, आणि ह्यांच्याशी दोन्हींची खिचडी करून. ह्यांनी हौसेनं कासरा हातात घेतला आणि गाडी सरळ एका बाभळीवर घातली, तेव्हा चांदभाई शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमी झाडपाला बघा. बैलां मैं देखतो."

मोगलाईची हद्द लागते तिथं करोडगिरीचा नाका आहे, म्हणजे जकातीची चौकी. तिथल्या शिपायानं ह्यांचे डबे उघडायला लावले. एका डब्यात सोनामुखीचं चूर्ण होतं. शिपायाला संशय आला की ही अफू किंवा तसलंच काहीतरी असावं, म्हणून त्यानं चांगला बोटभर उचलून तोंडात टाकलं. सोनामुखीनं कोठा साफ होतो, एवढं तर तुम्हालाही ठाऊक असेल. हे बिचारे घाबरून त्याला समजावून सांगायला निघाले होते. मी त्यांचा कोट ओढला. म्हटलं, "परिणाम व्हायच्या आत निघा." पुढं कितीतरी वेळ चांदभाई एकटेच हसत होते.

आष्टीला पोचलो तो बाजाराचा दिवस होता, आणि पोळा तोंडावर आलेला. सगळा बाजार माणसांसाठी नसून बैलांसाठीच भरलाय असं वाटलं. दावी, वेसणी, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, घुंगुरमाळा, शिंगांना लावायचा हिंगूळ! आमच्या साताऱ्याकडं बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो; इकडं श्रावणी अमावास्येला पोळा. रहीमाबी नावाची एक म्हातारी सुताचे गोंडे विकत होती. अख्ख्या तालुक्याचे गोंडे आपल्या घरचे, असं ती सांगत होती, आणि ते खरंही असावं, कारण तिच्यापुढची गर्दी हटत नव्हती.

त्या गर्दीत एक उंच, गव्हाळ रंगाचे, मिशीला पीळ दिलेले गृहस्थ उभे होते. एकेक गोंडा उचलायचे आणि परत टाकायचे. "असला नको, रहीमाबी. कलाबतूचा दाखव. बीडच्या तालुकदारानं बी मान वळवून बघितलं पायजे." शेवटी सगळ्यांत मोठे, जरतारी लाल गोंडे घेऊन ते निघाले. जाता जाता ह्यांच्या हातातल्या मुळ्या बघून थांबले. हे वैद्य आहेत असं कळल्यावर म्हणाले, "मग हितं काय करताय? आमच्या मोरदऱ्याला या. डोंगरात लई जडीबुटी हाय. राहायला आपला वाडा हाय, खायाला भाकरी हाय. कुणालाबी इचारा, रंगराव पाटील म्हणून."

ते पुढं गेल्यावर रहीमाबी मला म्हणाली, "अजून पाटील झाले न्हाईत, बरं का बाई. थोरला भाऊ पाटील व्हता, त्यो चैतात गेला. आता पाटीलकी ह्यांच्याकडं येनार म्हनून येवढे गोंडे."

"थोरल्याला मुलंबाळं नाहीत?"

"न्हाईत. बाई हाय त्याची. पर बाईमाणसाला कोन इचारतंय?" असं म्हणून तिनं मला एक लहानसा निळा गोंडा पदरचा दिला. बैल नसताना गोंडा घेऊन मी काय करणार, असं म्हटलं तर ह्यांच्याकडं बघून हसायला लागली. मीही हसले. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सौताड्याची दरी

मोरदऱ्याच्या वाटेवर सौताड्याची दरी लागते. ती बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं चांदभाईंनीच सांगितलं होतं.

साताऱ्याचे डोंगर आपण खालून मान वर करून बघतो. बालाघाटात उलटं आहे. तुम्ही सपाट माळावरून चालत असता, दोन्हीकडं बाजरी आणि मूग, बांधावर सीताफळीची झुडपं, त्यांना हिरवी कोवळी फळं धरलेली. डोंगर कुठं आहे म्हणून शोधत असता, आणि एकाएकी पायाखालची जमीनच संपते. डोंगर म्हणजे आपण उभे आहोत तोच! विंचरणा नदी त्या काठावरून खाली उडी घेते आणि पार तळाशी, झाडांमध्ये, रामेश्वराचं देऊळ दिसतं. पाण्याचा आवाज छातीत घुमतो. मी तर ओरडलेच, "अहो, बघा तरी!" हे कुठल्या तरी झुडपाचं पान चुरगाळून नाकाशी धरून उभे होते.

आम्ही उतरून देवळात गेलो. धबधब्याचे तुषार अंगावर घेत, शेवाळावरून घसरत, एकमेकांना धरत. वर येताना खालून असा वारा उसळला की ह्यांची छत्री हातातून निसटली आणि उलटी होऊन मोराच्या डौलानं दरीत उतरली. शेळ्या राखणारी एक बाई काठावर बसून हे सगळं बघत होती.

"कावून आलता बाई हितं?" तिनं मला विचारलं.

"झाडपाला बघायला आलोय."

"तुमच्याकडं झाडं न्हाईत व्हय?"

मी सांगितलं, आहेत, पण ह्यांना इथलीच हवीत. तिनं ह्यांच्याकडं नीट बघितलं, मग दरीत गेलेल्या छत्रीकडं बघितलं. "लई शिकल्यालं हायेत जनू," असं म्हणाली.

मोरदरा

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलता कलता आम्ही मोरदऱ्याला पोचलो. गाव डोंगराच्या खांद्यावर आहे. काळ्या दगडांची घरं आणि वर मातीची सपाट धाबी. आमच्याकडं कौलांवरून पाऊस ओघळतो, इकडं धाब्यावर बायका मूग वाळत घालतात, माणसं गप्पा मारतात आणि मोर खुशाल चालतात. गावाला एक दगडी वेस आहे आणि वेशीच्या आत मारुती.

रंगरावांनी आमचं स्वागत अगदी मनापासून केलं, हे मी आधीच सांगून ठेवते. ह्यांना हात धरून चावडीवर नेलं, गावातल्या सगळ्या दुखणेकऱ्यांना बोलावणं धाडलं. उद्याच पुढं बीडकडं निघायचा आमचा विचार होता. तो ऐकून चांदभाईंनी गाडीचं जू काढून भिंतीला लावलं. "कल पोळा है बाईसाब. उद्या बैलाच्या खांद्यावर लाकूड ठेवतो त्यो मानूसच न्हाई."

"तुम्हीसुद्धा पोळा पाळता, चांदभाई?"

"मैं कुठं पाळतो? बैलां पाळतेत."

रंगरावांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. घर चालवत होत्या त्या थोरल्या पाटलांच्या विधवा, गंगाबाई. वय पस्तिशीचं असेल. अंगानं काटक, कपाळ मोकळं आणि हात कधी रिकामा नाही. त्यांनी आम्हाला बाजरीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, हुलग्याची शेंगोळी आणि ठेचा वाढला. सोवळ्याओवळ्याच्या भानगडीतून आम्ही दोघं कधीच सुटलोय, तेव्हा पोटभर जेवलो. ह्यांनी ठेचा चटणीसारखा चमच्यानं घेतला. पुण्याची गूळ घातलेली आमटी खाणारं ते तोंड! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानसुद्धा लाल. गंगाबाईंनी ताकाचा तांब्या पुढं ठेवला. जगाला पोटाची औषधं देणारा वैद्य चुळा भरत अंगणात फिरत होता आणि मला हसू आवरत नव्हतं.

हे पुन्हा चावडीवर गेले आणि मी चुलीपाशी बसले. बायकांच्या जिभा चुलीपाशीच मोकळ्या होतात. मी रहीमाबीकडून ऐकलेलं सरळ विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही.

"व्हय," गंगाबाई म्हणाल्या. "पाटील लई वरसं अंथरुनाला व्हते, अक्का. शेत म्या बघितलं, बैलं म्या बघितली. चावडीवर भांडन आलं तर पाटील खाटंवरनं सांगायचे, आन् त्यांना म्या सांगायची. आता पोळा झाला की तहसीलदाराचा मानूस येनार. गावाला इचारनार, पाटीलकी कुनाकडं चालती? गाव काय सांगनार? पोळ्याला मानाची जोडी ज्यानं येशीतनं नेली त्याच्याकडं."

"आणि ती रंगराव नेणार."

"त्येच नेनार. मंग वतन त्यांचं, शेत त्यांचं, वाडा त्यांचा. मला बहिनीचं पोरगं मांडीवर घ्यायचंय. पाटीलकी गेल्यावर कोन देतंय पोरगं? म्या ह्याच चुलीम्होरं बसनार, पर मागून खानार." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "भावजी वाईट न्हाईत, अक्का. मला उपाशी ठेवनार न्हाईत. पर मागून खानं त्ये मागून खानं."

मला असा राग आला की काय सांगू! "मग तुम्हीच का नेत नाही जोडी?"

त्या हसल्या. "बाईमानूस? आन् त्यात असली?" असं म्हणून त्यांनी भाकरीच्या पिठानं भरलेलं बोट आपल्या मोकळ्या कपाळाला लावलं.

खांदमळणी

दिवस मावळायच्या सुमाराला त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. "या अक्का. आमच्याकडची रीत बघा."

मानाची जोडी म्हणजे पाखऱ्या आणि हरण्या. पाखऱ्या पांढरा, थोडा आडदांड. हरण्या तांबूस आणि मवाळ डोळ्यांचा. ओढ्यावरून धुवून आणलेले, अंग अजून ओलसर होतं. रंगराव तिकडं अंगणात होते. सनईवाल्यांना कुठं उभं करायचं, बाशिंगं कुठली बांधायची, फेट्याचा शेमला किती सोडायचा, ह्याचा त्यांनी नुसता धुमाकूळ मांडला होता. गोठ्याच्या दारातून डोकावले, "झालं का वैनी?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकायलाही थांबले नाहीत.

गंगाबाईंनी लोण्यात हळद कालवली आणि बैलांचे खांदे मळायला घेतले. वर्षभर जू घासून घासून जिथं घट्टे पडलेले असतात, तिथं. इतक्या सावकाश मळत होत्या की पाखऱ्यासारखा मस्तवाल बैलही मान खाली घालून डोळे मिटून उभा राहिला. मी उभी होते, तर म्हणाल्या, "बसा अक्का. नीट बघा." मी खाली बसले. मग त्यांनी दोन्ही बैलांच्या कपाळाला हळदीचा हात लावला आणि माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या:

"आज आवतण घ्या, उंद्या जेवाया या."

एकदा पाखऱ्याला, एकदा हरण्याला. मला ते इतकं गोड वाटलं! आमच्याकडं बैल सजवतात, पुरणपोळी भरवतात, मिरवतात. पण आदल्या दिवशी बोलावणं कुणी करत नाही. मी तसं म्हटल्यावर गंगाबाई म्हणाल्या, "आवतनाबिगर कोन जेवाया येतंय? बैल वरीसभर चाकर. उंद्या पावना. पावन्याला बोलवाया नको?"

"हे दरवर्षी तुम्हीच करता?"

"खांदं म्या मळायची. आवतन पाटील द्यायचे. मागल्या साली उठवत नव्हतं, तरी खाट हितं आनायला लावली, आन् खाटंवरनं दिलं. दुसऱ्या दिशी खाटंवरच येशीत नेलं, कासरा त्यांच्याच हातात." एवढं बोलून त्यांनी हळदीचा हात पदराला पुसला आणि डोळेही पुसले. मी हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर चांदभाई आपल्या बैलांचे खांदे चोळत होते. तेही पुटपुटत होते, "कल खाने कू आना, बेटे."

तोरण

दुसऱ्या दिवशी दुपार उतरली तशी गावातली झाडून सगळी बैलं वेशीबाहेर जमली. काय थाट तो! शिंगं हिंगुळानं लाल, अंगावर गेरूचे ठसे, पाठीवर झुली, घुंगरांचा असा गजर की शेजारचं बोलणं ऐकू येईना. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं. त्याच्याखाली सटवा आबा उभे होते. गावातले सगळ्यांत वडीलधारे, दर एकादशीला नारायणगडाच्या वारीला चालत जाणारे. हातात काठी आणि गळ्यात माळ. आधी मानाची जोडी तोरणाखालून जाणार, मग बाकीच्या, मग मारुतीला फेऱ्या आणि देवळापुढं बैलांचं लग्न. हो, लग्नच, मंगलाष्टकं म्हणून! ते बघायला मी टाचा उंचावून बायकांच्या घोळक्यात उभी होते. गंगाबाई सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून होत्या.

रंगराव जोडी घेऊन पुढं आले. रेशमी फेटा, कलाबतूचे लाल गोंडे, पुढं सनई. खरं सांगते, माणूस शोभत होता. सगळ्यांच्या तोंडून "व्वा!" निघालं. आबांनी काठी आडवी धरली.

माझ्या शेजारच्या बाईनं सांगितलं, "आता आबा इचारनार. दरसाली इचारत्यात. पाटील बैलाच्या कपाळाला हात लावून म्हनायचे, म्या दिलं. मंग काठी बाजूला."

आबांनी विचारलं, "पावन्यास्नी आवतन कुनी दिलं?"

रंगरावांनी हसत हसत पाखऱ्याच्या कपाळाला हात लावला, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू कसं विझत गेलं ते मी बघितलं. गोंडे आणले होते, सनई आणली होती, फेटा आणला होता. जन्मभर थोरला भाऊ देत आलेला, त्यामुळं ते दोन शब्द आपल्यालाच बोलायचे आहेत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "म्या दिलं" म्हणायला किती वेळ लागतो? पण सणाच्या दिवशी, बैलाच्या कपाळावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस त्या गावात कुणी पाहिला नसावा. रंगराव तर नव्हतेच तसे.

"म्या न्हाई, आबा," ते हळूच म्हणाले.

मागून एक जाडजूड शेतकरी ओरडला, "मंग जोडी मागं घ्या की! बिनआवतनाचं बैल मानाचं कसं? आमची जोडी म्होरं घेतो." त्याच्या बाजूनं चारजण सरसावले. म्हणजे मान रंगरावांकडूनच नव्हे, त्या घरातूनच निघून चालला होता! मी वळून गंगाबाईंकडं बघितलं. त्यांच्या तोंडचं रक्त उतरलं होतं. पण त्या बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडं बघत होत्या. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपलं आवतण खरं, असं विधवा बाईनं स्वतःच सांगून कोण ऐकणार? "बसा अक्का, नीट बघा!" मी समजत होते मी प्रवासी, तिची रीत बघायला आलेय. बाईनं मला साक्षीला बसवलं होतं!

मी पुढं झाले. ह्यांनी पदर धरला, "अगं, आपण पाहुणे आहोत." मी पदर सोडवून घेतला.

"आवतण दिलंय," मी मोठ्यानं म्हटलं. "गंगाबाईंनी दिलंय. काल दिवस मावळताना, गोठ्यात, दोन्ही बैलांच्या कपाळाला हळद लावून. मी समोर बसले होते."

मग काय विचारता! एकच कल्ला झाला. "बाईमानसाचं आवतन?" "रांडाव बाईचं?" "असं कुटं असतंय बे?" रंगराव खाली मान घालून उभे. आबांनी काठी जमिनीवर आपटली.

"गप बसा! हे बगा. आवतन खोटं म्हनताव? म्हना. मंग ही जोडी बिनबोलावल्याली, ती गोठ्यात जाईल. आन् ही जोडी गेल्याबिगर ह्या गावात पोळा कवा फुटलाय? सांगा."

मघाचा जाडजूड शेतकरी आपल्या बैलाची झूल सारखी करायला लागला.

"आन् आवतन खरं म्हनताव, तर ज्यानं बोलावलं त्यानंच पावन्याला घरात न्यायचं. दुसऱ्यानं न्हेलं तर त्यो पावन्याचा आपमान. आता तुमीच ठरवा."

ठरवायला वेळ कुठं होता? दिवस कलला होता. मागं गावभरची बैलं घुंगरांसकट उधळायच्या बेतात आली होती. एकाच्या बैलानं दुसऱ्याच्या बैलाची झूल फाडली. कुणीतरी ओरडलं, "अरं द्या की कासरा बाईच्या हातात! माझं बैल आवरंना झालंय!" दुसरा म्हणाला, "द्या, द्या! इळभर हितंच थांबायचं व्हय?" पुण्यात ह्यावर तीन सभा झाल्या असत्या आणि चौथी तहकूब. मोरदऱ्यात बैलं खोळंबली म्हणून गाव शहाणं झालं.

रंगरावांच्या हातात कासरा होता. नाही म्हणाले असते तर मान त्या जाडजूड माणसाकडं गेला असता आणि घर रिकामं राहिलं असतं. त्यांनी एकदा आपल्या कलाबतूच्या गोंड्यांकडं बघितलं. मग बायकांच्या घोळक्यातून वाट काढत भिंतीपाशी गेले.

"घ्या वैनी."

"वैनी, फेटा लागतोय म्होरं चालनाऱ्याला," कुणीतरी कुचकटपणे म्हणालं.

गंगाबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. "ह्यो हाय की," म्हणाल्या, आणि कासरा हातात घेतला. त्यांचा आवाज ऐकताच पाखऱ्यानं फुरफुर केलं. त्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, पाखऱ्याच्या आणि मग हरण्याच्या कपाळाला हात लावला. आबांनी पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं, "पावन्यास्नी आवतन कुनी दिलं?"

"म्या दिलं."

काठी बाजूला झाली. गंगाबाई तोरणाखालून गेल्या आणि मागं पोळा फुटला. काय तो धुरळा, काय त्या आरोळ्या! मी रडत होते आणि हसतही होते. हेही डोळे पुसत होते, पण आपल्या डोळ्यांत धूळ गेली असं म्हणाले.

त्या गावची आणखी एक रीत मला तिथं उभी असतानाच कळली. मानाची जोडी नेणारा वेशीच्या आत उभा राहतो आणि मागून येणारी प्रत्येक जोडी त्याच्यापुढं थांबून त्याला पाटील म्हणून राम राम घालते. पहिला आला तो तोच जाडजूड शेतकरी. दोन क्षण घुटमळला. मागून बैल ढुशा देत होते. "राम राम, पाटील," म्हणून एकदाचा पुढं झाला. मग दुसरा, मग तिसरा. "राम राम, पाटील." "राम राम, पाटील." चांदभाईंनीही आपली जोडी मध्ये घुसवली आणि खणखणीत सलाम ठोकला. गंगाबाई प्रत्येकाला मान हलवून "राम राम" म्हणत होत्या, नजर समोर ठेवून.

सगळ्यांत शेवटी रंगराव आले. घरची दुसरी जोडी घेऊन, फेटा तसाच डोक्यावर. सनईवाल्यांनी सनई थांबवली. का थांबवली ते त्यांनाच ठाऊक. रंगराव वहिनीपुढं उभे राहिले. अख्खा गाव कान देऊन होता.

"राम राम," ते म्हणाले. घसा खाकरला. "राम राम, पाटील."

"राम राम, भावजी," गंगाबाई म्हणाल्या. "घरी चला. पावनं उपाशी हायेत."